नाशिकचा नोटांचा छापखाना शाळेच्या सहलीला दाखवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या शाळेतली आठवीची बेचाळीस मुलं, दिवाळीनंतरची सहल, आणि मुलांनीच मतदान करून निवडलेलं ठिकाण म्हणजे 'नोटा छापतात तो कारखाना'. नाशिकला पत्र कोणाच्या नावे लिहायचं, परवानगी किती दिवसांत येते, आणि अमेरिकेत म्हणे कोणीही तिकीट काढून आत जातो, मग आपल्याकडेच काय अडचण?

परवानगीचं आधी उरकून टाकतो. मिळत नाही. आपल्याकडे नोटा चार ठिकाणी छापल्या जातात. नाशिक रोड आणि मध्य प्रदेशातलं देवास हे सरकारी महामंडळाचे, कर्नाटकात म्हैसूर आणि पश्चिम बंगालमध्ये सालबोनी हे रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचे. चारांपैकी एकही सहलींसाठी उघडा नाही. नाशिकच्या फाटकावर सीआयएसएफचा पहारा असतो आणि तिथे विनंतीपत्राला काही किंमत नसते. माझ्या ओळखीचे एक मुख्याध्यापक 'प्रत्यक्ष भेटलं की काम होतं' या भरवशावर विदर्भ एक्स्प्रेसने गेले होते. साडेसहाशे किलोमीटर प्रवास करून त्यांनी एक लांबलचक भिंत पाहिली, जवळच्या टपरीवर चहा घेतला आणि रात्रीच्या गाडीने परत आले. चहा चांगला होता म्हणाले.

आता माझं थोडं. मी नागपुरातल्या एका सरकारी बँकेत चौतीस वर्षं होतो, त्यातली एकोणीस करन्सी चेस्टमध्ये. चेस्ट म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या नोटा बँकेने सांभाळायची तिजोरीखोली. दोन किल्ल्या, दोन अधिकारी, एकट्याने कोणी आत जायचं नाही. छापखान्यातून निघालेली नोट लोकांच्या हातात पडण्याआधी आमच्या हाताखालून जायची, आणि फाटून, मळून, तेलकट होऊन पुन्हा आमच्याकडेच यायची. नाशिकचा छापखाना मीही आतून पाहिलेला नाही. पण वॉशिंग्टनचा पाहिलाय, मुलीकडे गेलो होतो तेव्हा. म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांवर बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

तिथे काय दाखवतात ते सांगतो, म्हणजे आपण नेमकं कशाला मुकतोय ते कळेल. अमेरिकेच्या नोटा छापणारं खातं १८६२ पासूनचं. वॉशिंग्टनमध्ये मोठमोठ्या संग्रहालयांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर त्यांची जुनी दगडी इमारत आहे, आणि १९९१ पासून टेक्सासमधल्या फोर्ट वर्थलाही दुसरा छापखाना चालतो. दोन्हीकडे लोकांना फिरवतात. आम्ही गेलो तेव्हा आधी एक छोटी फिल्म दाखवली, मग एका अरुंद गॅलरीतून रांगेने नेलं. खाली छपाईचं दालन, मध्ये जाड काच, कॅमेरा पिशवीत. एका तावावर बत्तीस नोटा, असे हजारो ताव थप्प्या लावून वाळत ठेवलेले. यंत्रं वेगाने चालतात, ताव सर्र सर्र पुढे सरकतात, एक माणूस मधूनच एखादा ताव ओढून उजेडात धरतो आणि परत ठेवतो. पाऊण तासात बाहेर. बाहेर दुकान, त्यात न कापलेल्या नोटांचे ताव फ्रेम करायला विकत मिळतात आणि कातरलेल्या नोटांच्या चुऱ्याच्या पुड्याही मिळतात. नातवाने चुऱ्याची पुडी घेतली. खऱ्या नोटांचा चुरा खऱ्या नोटा देऊन विकत घेणं, हा व्यवहार माझ्या कॅशियरच्या डोक्यात अजून बसलेला नाही.

पण प्रामाणिकपणे सांगतो, नोट कशी तयार होते हे मला त्या पाऊण तासात कळलं नाही. पंधरा फुटांवरून, काचेआडून, हिरवट ताव दिसले एवढंच. चेहरा पोलादावर कोण कोरतं, शाई कशी मळतात, कागदात धागा कसा घालतात, यातलं काहीही तिथे दाखवत नाहीत. दाखवणार तरी कसे? जे दाखवण्यासारखं आहे तेच तर लपवायचं आहे. म्हणून 'त्यांच्याकडे उघडं, आपल्याकडे बंद' यावर मी फार हळहळत नाही. आपल्याकडेही काचेची गॅलरी झाली तर मी पहिल्या रांगेत असेन, ते वेगळं.

माझं म्हणणं असं, की छापखान्याने जे काही केलं त्याची सगळी खूण नोटेवरच उमटलेली असते. पाचशेची एक नोट, एक दहापट भिंग आणि वर्गाची खिडकी, एवढ्यावर मुलांना छापखान्याचं एकेक दालन पाहता येतं. भिंग इतवारीच्या सराफा ओळीत मिळेल. सराफ खड्याला लावतात तेच हवं, प्लास्टिकचं मोठं भिंग नको.

सुरुवात कागदापासून करा, कारण तो आपल्या घरचा विषय आहे. नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, शंभर टक्के कापसाचा असतो. सूत कातायला उपयोगी न पडणारे आखूड तंतू त्यासाठी वापरतात. म्हणून धुण्यात गेलेली नोट इस्त्री करून चालते आणि खिशात राहिलेल्या वहीच्या पानाचा मात्र लगदा होतो. हा अनुभव प्रत्येक मुलाच्या आईला असतो, वर्गात विचारून बघा. असा कागद बनवणारी सरकारी गिरणी १९६८ पासून होशंगाबादला आहे. आता त्या गावाचं नाव नर्मदापुरम झालंय. आपल्या इटारसी लाइनवर, नागपूरहून तीनशे किलोमीटरच्या थोडं पुढे. दुसरी गिरणी म्हैसूरला आहे, बरीच नंतरची. होशंगाबादलाही आत सोडत नाहीत, पण दिल्लीच्या गाडीत असाल तर मुलांना खिडकीतून सांगायला तरी एक गोष्ट होते.

आता नोट खिडकीला धरा. उजवीकडच्या कोऱ्या जागेत गांधीजी दिसतील आणि त्यांच्याजवळ पाचशेचा आकडा. हे छापलेलं नाही, ही गोष्ट मुलांना दोनदा सांगावी लागते. कागद ओला लगदा असतानाच जाळीच्या सिलिंडरवरच्या चढउतारामुळे कुठे जाड बसतो, कुठे पातळ. जाड जागा उजेडात गडद दिसते, पातळ उजळ. म्हणजे गांधीजींच्या गालावरची सावली ही शाईची नव्हे, कापसाच्या जाडीची आहे. नकली नोटेवर हाच चेहरा पांढरट किंवा तेलकट शाईने मागून छापलेला असतो. तो उजेडात न धरताही दिसतो, तिथेच तो पकडला जातो. चेस्टमध्ये आम्ही नव्या पोरांना हेच आधी शिकवायचो: खिडकीशिवाय दिसला तर संशय घे.

धागाही तसाच. तो वरून चिकटवलेला नसतो, कागद बनतानाच विणल्यासारखा आत-बाहेर घातलेला असतो. म्हणून सपाट नोटेवर तो तुटक दिसतो आणि उजेडात सलग. त्यावर देवनागरीत 'भारत' आणि इंग्रजी अक्षरांत आरबीआय लिहिलेलं असतं. नोट तिरकी केली की शंभर, दोनशे आणि पाचशेच्या धाग्याचा रंग हिरव्याचा निळा होतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती गंमत पाचशेच्या नोटेच्या पुढच्या बाजूला, डावीकडे आहे. तिथे पाचशेचा आकडा अर्धवट, तुटक छापल्यासारखा वाटतो. उलटी केली तर मागच्या बाजूलाही तसेच काही तुकडे. पण नोट उजेडाला धरली की पुढचे तुकडे आणि मागचे तुकडे एकमेकांत बसतात आणि आकडा पुरा होतो. याचा अर्थ काय? पुढची आणि मागची पार्श्वभूमी यंत्राने एकाच वेळी, एकाच फटक्यात छापली. वेगवेगळी छापली असती तर केसभर तरी सरकली असती. मुलांना आधी एका कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून एक फूल काढायला सांगा, अर्धं पुढे, अर्धं मागे. कोणाचंच नीट जुळणार नाही. मग नोट दाखवा. माझ्या शेजारच्या मुलावर हा प्रयोग करून झालाय. तो पंधरा मिनिटं पेन्सिल चावत बसला होता.

यानंतर डोळे मिटायला लावा. गांधीजींच्या चित्रावरून, आणि डाव्या-उजव्या कडेच्या तिरक्या रेघांवरून बोट फिरवायचं. शंभराच्या नोटेवर अशा चार रेघा, दोनशेच्या चार रेघा आणि मध्ये दोन वर्तुळं, पाचशेच्या पाच रेघा. शिवाय उजवीकडे उठावाची एक खूण: शंभरावर त्रिकोण, दोनशेवर इंग्रजी एच, पाचशेवर गोल. नवीन नोटेवर ते सगळं बोटाला खरखरीत लागतं. हा उठाव कसा येतो ते समजावायला माझ्याकडे मोदकाच्या साच्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. साच्यात नक्षी खोलगट कोरलेली असते आणि पिठावर ती उठून येते. इंटाग्लिओ छपाईत धातूच्या प्लेटवर रेषा खोल कोरतात, खोबणीत शाई भरतात, वरची शाई पुसून काढतात आणि मग कागद एवढ्या दाबाखाली घालतात की तो खोबणीत शिरून शाई उचलून घेतो. रेघ कागदावर बसलेली नसते, कागदच रेघेच्या आकाराचा झालेला असतो. झेरॉक्स यंत्राला हे जमत नाही. भिंग लावलं तर गांधीजींच्या चित्राजवळची बारीक अक्षरंही सुटी सुटी दिसतात. नकली नोटेत तिथे रंगीत ठिपक्यांचा चिखल असतो.

या खुणा खरं तर ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आहेत. सीताबर्डीच्या फुटपाथवर लॉटरीची तिकिटं विकणारे एक अंध गृहस्थ आमच्या शाखेत पैसे भरायला यायचे. जुन्या नोटा ते बोटांनी मापून ओळखायचे. २०१६ नंतर नव्या मापाच्या नोटा आल्या तेव्हा पहिले काही महिने ते रोज माझ्या खिडकीवर थांबून प्रत्येक नोट दोनदा विचारायचे. आता पाचशेची १५० मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, शंभराची १४२. रुंदी तिघींची सारखीच, ६६. चार मिलिमीटरचा फरक. तुमच्या वर्गात मुलांना डोळे बांधून हा फरक ओळखता येतो का पाहा. अमेरिकेच्या तर सगळ्या नोटा एकाच मापाच्या, एक डॉलर असो की शंभर. तिथला अंध माणूस काय करत असेल हा विचार मला त्या गॅलरीतच आला होता.

(गांधीजींच्या फोटोबद्दल एक. नागपूर-वर्ध्याची मुलं हमखास सांगतात की तो सेवाग्रामचा आहे. नाही. १९४६ साली दिल्लीत तेव्हाचे ब्रिटिश भारतमंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स यांच्याबरोबर काढलेल्या फोटोतून तो चेहरा घेतलाय असं सांगितलं जातं. नोटांवर ही मालिका आली १९९६ साली.)

मागच्या बाजूला भाषांची पाटी आहे, पंधरा भाषा. इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या असल्याने मराठी बरोबर आठवी, म्हणजे वर सात, खाली सात. मुलांना वीसच्या नोटेवरचं वेरूळ ओळखू येतंच. पण ही मराठीची जागा सहसा कोणी मोजलेली नसते.

आता क्रमांक. हे दालन माझ्या सगळ्यात ओळखीचं. छपाई झाली, तपासणी झाली, की तावावरच्या प्रत्येक नोटेला वेगळा क्रमांक पडतो. हल्लीच्या नोटांवर तो डावीकडून उजवीकडे आकाराने वाढत जातो. मग ताव कापतात, शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचं बंडल. एखादी नोट खराब निघाली तर? पूर्वी त्याच क्रमांकाची नोट पुन्हा छापून त्या जागी घालत. त्यात वेळ जायचा. २००६ पासून दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत, आणि २०१६ मध्ये पाचशेच्याही, खराब नोटेच्या जागी चांदणीची नोट घालू लागले. क्रमांकाच्या मधोमध छोटी चांदणी. नोटा शंभरच, पण क्रम तुटलेला. गांधीबागेतले एक कापडाचे व्यापारी असं पाकीट घेऊन माझ्या टेबलावर आले होते, चेहरा लालबुंद. "ही चांदणी कायची हाये जी? नकली नोट देऊन राह्यले का तुम्ही?" मी पाकिटाची पट्टी मागितली. अशा पाकिटांच्या पट्टीवर चांदणीची सूचना छापलेली असते. पट्टी त्यांनी दुकानातच फाडून टाकली होती. शेवटी मी माझ्या पाकिटातून तशीच दुसरी नोट काढून दाखवली तेव्हा ते बसले आणि पाणी प्यायले.

आणि एक 'फुलपाखरू'. एवढ्या वर्षांत मी एकदाच पाहिलं. कोऱ्या करकरीत पाकिटात एका नोटेच्या कोपऱ्याला कागदाचं जादा त्रिकोणी पान जोडलेलं, उलगडलं की पंख पसरल्यासारखं. ताव कापायच्या आधी त्याचा कोपरा दुमडला गेला होता. दुमडलेल्या अवस्थेतच सुरी फिरली, म्हणून नोटेला शेजारच्या पट्टीचा तुकडा चिकटून राहिला. कुठल्या छापखान्याची होती याला महत्त्व नाही, कोट्यवधी नोटांत अशी एखादी नजरेतून सुटतेच. पण वॉशिंग्टनच्या गॅलरीत काच लावून जे कळलं नाही ते त्या एका कोपऱ्याने कळलं: नोट सुटी जन्मत नाही, ताव म्हणून जन्मते आणि सुरीखाली सुटी होते. आम्ही चौघं पाच मिनिटं ती हातोहात फिरवत राहिलो. मग रीतसर नोंद करून वेगळी ठेवली. जमवणाऱ्यांनी बरे पैसे दिले असते हे तेव्हाही ठाऊक होतं.

नव्या नोटांच्या पेट्या फुटायच्या तेव्हा चेस्टमध्ये एक वास भरायचा. पेट्रोलचा नाही, रंगाचा नाही, शाई आणि कोरा कापूस यांचा मिळून. नव्या नोटा एकमेकींना चिकटतात, म्हणून पाकीट आधी दोन्ही बाजूंना वाकवून मोकळं करायचं आणि मग मोजायचं. २००१ पर्यंत पाकिटांना स्टेपलची पिन मारायचे. ती काढताना नोटेला भोक पडायचं आणि आमच्या बोटांनाही. मग रिझर्व्ह बँकेने पिना बंद करून कागदी पट्टी आणली. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून दोन बारीक डाग आहेत.

मुलांना जागा दाखवायचीच असेल तर नागपूरच्या नागपुरात एक दिवस होतो, आणि तो मला नाशिकच्या भिंतीपेक्षा बरा वाटतो. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम असतो. सावनेर, काटोल, हिंगणघाट, जिथे ओळख असेल तिथल्या जिनिंगमध्ये सकाळी जा. सरकीपासून रुई सुटताना दाखवा आणि सरकीला चिकटून राहिलेली बारीक लव मुलांच्या हातात द्या. नोटेचा कागद अशाच आखूड तंतूंचा. नागपुरातच अमरावती रोडला केंद्र सरकारचं जिनिंग प्रशिक्षण केंद्रही आहे, शाळेच्या लेटरहेडवर तिथे विचारून पाहा. तिथे पत्राला उत्तर यायची शक्यता आहे.

दुपारी अजब बंगला. १८६३ चं संग्रहालय, नाण्यांचा संग्रह आहे. नोटेच्या आधी काय होतं ते नाण्यांसमोर उभं राहून सांगता येतं. तिथून संविधान चौक दूर नाही. जुनी माणसं अजून त्याला आरबीआय चौकच म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत सहल नेता येत नाही, बाहेरूनच दाखवा, पण बाहेर उभं राहून सांगण्यासारखं पुष्कळ आहे. दोन हजारच्या नोटा मे २०२३ मध्ये परत घ्यायचं ठरलं आणि बँकांतली मुदत संपल्यावर देशात फक्त एकोणीस कार्यालयांत त्या बदलून मिळत होत्या, त्यात हे एक. शेजारच्या जिल्ह्यांतून लोक येऊन रांगेत उभे राहायचे. आणि त्याहून जुनी गोष्ट अशी की १८६१ च्या कायद्याने सरकारी नोटा सुरू झाल्या तेव्हा देश मंडळांत वाटलेला होता, त्यात नागपूर आणि अकोला ही उपमंडळं होती. नोटा विलायतेत छापून यायच्या, एकाच बाजूने, आणि त्यावर मंडळाचं नाव असायचं. नोट ज्या मंडळाची, तिथेच तिचे रुपये हक्काने मिळायचे. म्हणजे नागपूरच्या नावाची नोट होती. नोटा भारतात छापायला सुरुवात झाली ती १९२८ साली, नाशिक रोडलाच. फाळणीनंतर १९४८ मध्ये पाकिस्तानला काही काळ ज्या नोटा लागल्या, त्याही नाशिकमध्येच, आपल्याच नोटांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असं उमटवून छापल्या होत्या. हे ऐकून मुलं गप्प होतात, मी पाहिलंय.

नाशिकला जायचंच ठरलं, तर छापखाना सोडून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिचं संग्रहालय पाहा. आणि मुंबईपर्यंत मजल असेल तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय. ते २००४ पासून आहे. सोमवारी बंद असतं, तरी निघण्याआधी एकदा खात्री करा. जुन्या नोटांसमोर तासभर उभं राहता येतं, कोणी पुढे ढकलत नाही.

वर्गातल्या तासासाठी दोन सूचना. मुलांना नोटेची रंगीत झेरॉक्स काढून आणायला सांगू नका, पोस्टरवर चिकटवायला सुद्धा नाही. खऱ्या नोटेसारखा दिसणारा कागद बनवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे. दंड किरकोळ आहे, पण शाळेच्या नावाने तो कशाला? नोटेची चित्रं आणि खुणा रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर समजावून दिलेल्या आहेत, त्या पडद्यावर दाखवा. आणि नोटेवर पेनने बाण, गोल काहीही काढायचं नाही. मुलं बाण काढतातच.

दुसरी सूचना कॅशियरची. बेचाळीस मुलांना घरून पाचशेची नोट आणायला लावू नका, संध्याकाळी कोणाची कुठली यावर रडारड होईल. जवळच्या शाखेत आधी सांगून शंभर, दोनशे, पाचशेच्या प्रत्येकी चार नव्या नोटा आणा, गट पाडा, आणि नोटा देण्याआधी सगळ्यांचे क्रमांक तुमच्या वहीत लिहून ठेवा. तास संपला की मोजून, क्रमांक जुळवून परत घ्या. मग पुन्हा एकदा मोजा.